पोळी-भाजी, थालीपीठ की इडली: वजन जास्त असलेल्या मुलाचा डबा ठरवताना

मुलाचे वजन त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या मानाने जास्त आहे, असे बालरोगतज्ज्ञांनी वाढीचा तक्ता समोर ठेवून सांगितले की घरातली चर्चा लगेच शाळेच्या डब्यावर येते, कारण दिवसभरातले हे एकच खाणे असे आहे जे आपण करून देतो पण मूल आपल्या नजरेआड खाते. अशा वेळी पहिला विचार डबा कमी करण्याचा येतो आणि तो चुकीचा आहे. वाढत्या वयातल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत वजन भराभर उतरवण्यापेक्षा ते आहे तिथे थोपवून उंची वाढू देणे हेच उद्दिष्ट असते, त्यामुळे अर्धपोटी डबा देणे त्या उद्दिष्टालाच धरून नाही. आमचा मुलगा पाचवीत असताना आम्ही आठवडाभर नुसती मोड आलेल्या मुगांची कोशिंबीर दिली. डबा जवळजवळ तसाच परत येत होता, आणि घरी आल्यावर भुकेने कासावीस झालेले मूल बिस्किटांचा पुडा संपवत होते. म्हणून पुढची तुलना करताना मी एकच गोष्ट प्रमाण मानली आहे: डबा मोठ्या सुट्टीत, मित्रांसमोर, आवडीने संपला पाहिजे आणि त्यानंतर घरी येईपर्यंत पोट टिकले पाहिजे. तेल आणि साखर किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

पोळी-भाजी हा आपल्याकडचा सर्वांत जुना पर्याय आहे, आणि माझ्या मते सर्वांत चांगलाही; फक्त ती कशी केली यावर सारे अवलंबून आहे. साधारण 30 ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यात सुमारे 100 कॅलरी असतात. तीच घडीची पोळी करताना आत एक चहाचा चमचा तेल आणि वरून एक चमचा तूप लावले, तर प्रत्येक चमच्यामागे जवळपास 45 कॅलरी वाढतात आणि दोन पोळ्यांचा हिशेब 200 वरून 380 च्या आसपास जातो. मुलाच्या पोटाला या फरकाचा पत्ताही लागत नाही. मात्र कोरडा फुलका चार तासांनी वातड होतो आणि मूल तो टाकून देते, ही अडचण खरी आहे. कणीक थोडी सैल, दही किंवा दूध घालून भिजवली आणि पोळ्या गरम असतानाच सुती फडक्यात गुंडाळल्या, तर दोन पोळ्यांना मिळून अर्धा चमचा तूप पुरते. भाजीची निवड हा याहून महत्त्वाचा भाग आहे. बटाट्याची काचऱ्यांची भाजी मुलांना आवडते, पण पोळीबरोबर ती म्हणजे पिठुळ पदार्थाला पिठुळ पदार्थाची जोड होते, आणि काचऱ्या तेलही बरेच पितात. त्याऐवजी मटकीची कोरडी उसळ, पनीरची किंवा शाळेला चालत असेल तर अंड्याची भुर्जी, डाळ पेरून केलेली कोबीची भाजी, पीठ पेरून केलेली सिमला मिरची, अशा भाज्यांनी प्रथिने मिळतात आणि भूक उशिरा लागते. हीच भाजी पोळीत भरून, गुंडाळी करून, मधोमध कापून दिली, तर हात न बरबटता पाच मिनिटांत खाता येते. मोठ्या सुट्टीत मुलांना खेळायला पळायचे असते, हे आपण फार वेळा विसरतो.

तूप-साखर किंवा साखरांबा लावलेली पोळी हा घाईच्या सकाळचा सोपा मार्ग आहे, पण तो आठवड्यातून एकदाच्या वर जाऊ देऊ नये. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून डबा हलका होतो, हा समजही सोडून द्यावा. वजनाच्या दृष्टीने दोन्हींत नाव घेण्याजोगा फरक नाही.

थालीपीठ आणि धिरडे यांना मी पोळी-भाजीच्या अगदी खालोखाल ठेवतो. भाजणीत ज्वारी-बाजरीबरोबर हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, त्यामुळे एकाच पदार्थात धान्य आणि डाळ दोन्ही येतात. शिवाय किसलेला दुधी, कोबी, मेथी यांपैकी जी भाजी मूल ताटात बाजूला सारते, ती इथे बिनतक्रार खाल्ली जाते. थालीपीठ गार झाल्यावरही चवीला उतरत नाही. धोका आहे तो मधल्या भोकात आणि कडेने सोडलेल्या तेलाचा. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ आणली, तर एका थालीपिठाला एक चमचा तेल पुरते. सोबत लोण्याऐवजी घट्ट दही छोट्या घट्ट झाकणाच्या डबीत द्यावे. कच्चा कांदा मात्र डब्यात फार वास मारतो आणि वर्गात त्यावरून कोणी काही बोलले, तर ते मूल पुन्हा थालीपीठ नेणार नाही.

इडली वाफवलेली असल्यामुळे सगळ्यांत निर्धोक वाटते आणि तेलाच्या हिशेबाने ती तशी आहेही. पण तीन किंवा चार भाग तांदळाला एक भाग उडीद डाळ, या नेहमीच्या प्रमाणात प्रथिने बेताचीच राहतात आणि तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. दोनास एक असे प्रमाण घेतले आणि पिठात किसलेले गाजर घातले, तर ती अडचण बरीच कमी होते. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते, म्हणून कोरडी डाळ्याची चटणी बरी. पोहे आणि उपमा यांच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही: सकाळी गरम असताना जे मऊ लागते, ते सुट्टीपर्यंत कोरडे किंवा गोळा झालेले असते आणि पोह्यांवर शेव घातल्याशिवाय मुले ते खात नाहीत. ते घरच्या नाश्त्यालाच ठेवावेत.

ब्रेडच्या सँडविचची सोय निर्विवाद आहे. फक्त तपकिरी ब्रेड म्हणजे गव्हाचा ब्रेड असे गृहीत न धरता पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. पहिले नाव मैद्याचे असेल, तर रंगाला काही अर्थ उरत नाही.

छोट्या सुट्टीसाठी फळ की रस, या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेल्या साखरेत मध आणि फळांच्या रसातली साखरही मोजते, आणि ती एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली, शक्य तर 5 टक्क्यांखाली ठेवावी असे सांगते. दिवसाला 1600 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही मर्यादा म्हणजे 40 ग्रॅम, शक्य तर 20 ग्रॅम. रसाचा एक छोटा डबाच यातला मोठा वाटा खाऊन टाकतो. पेरू, मोसंबीच्या फोडी, किंवा अख्खे केळे द्यावे.

शाळेच्या उपाहारगृहासाठी रोज पैसे देणे हा शेवटचा पर्याय. महाराष्ट्र शासनाने 2017 मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूड विकण्यास मनाई केली, आणि 2020 च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारापासून 50 मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ, साखर असलेल्या पदार्थांची विक्री रोखली. तरीही नियम कागदावर असणे आणि मुलाच्या हातात काय पडते हे पाहता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून वजनाचा प्रश्न असलेल्या मुलासाठी हा पर्याय रोजचा असू नये. महिन्यातून एखाद्या दिवशी मित्रांबरोबर खायला पैसे द्यायला माझी हरकत नाही.

पर्याय कोणताही निवडा, तो घरातल्या दुसऱ्या भावंडाच्या डब्यापेक्षा वेगळा दिसू देऊ नका. ताईला पराठा आणि दादाला फुलका, ही वाटणी मुलाला आपल्या शरीराची लाज वाटायला पुरेशी असते. आमच्याकडे आता दोघांनाही तीन दिवस पोळी-भाजी, एक दिवस थालीपीठ किंवा धिरडे, आणि एक दिवस मुलांच्या पसंतीचा असा आठवडा आहे. पोळ्या किती न्यायच्या ते मुले स्वतः सांगतात, आणि उरलेल्या डब्याबद्दल रागावणे आम्ही बंद केले आहे. मंगळवारच्या उसळीसाठी मटकी रविवारी रात्री भिजत घालावी लागते. सोमवारी सकाळी ती उपसून फडक्यात बांधायचे काम आता मुलाकडे आहे.