डोंगरातल्या ताहरसाठी 7 एमएम-08: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

7 एमएम-08 हे काडतूस चालवणारी रायफल हातात आली त्याला आता अकरा महिने झाले. या काळात ती खांद्यावर घेऊन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सदर्न आल्प्समध्ये, नऊ फेऱ्या केल्या. चार ताहर (एक रानटी, शेळीसारखं डोंगरी जनावर) आणि दोन शॅमॉय (तसंच, पण लहान) घरी आणले. काडतुसं वाजवली साधारण 260, त्यातली बहुतेक कागदाच्या निशाणावर. इथल्या बऱ्याच मराठी मंडळींनी परवाना काढलाय आणि ‘पहिली रायफल कुठली घेऊ’ असं विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी साताऱ्याकडचा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली गोष्ट वेगळी आहे. ताहर मूळचा हिमालयातला. 1904 मध्ये तो माउंट कुकच्या परिसरात आणून सोडला. त्याला खाणारं जनावर इथे नाही, आणि उंचावरचं गवत नि झुडपं तो पार बोडकी करून टाकतो. 1993 च्या सरकारी आराखड्यात 10,000 ही मर्यादा ठरली होती, संख्या तिच्या कितीतरी पुढे गेली. त्यामुळे सरकारी डोंगरात शिकारीचा परवाना फुकट मिळतो, हंगामाचं बंधन नाही. हिमालयात ज्याला जपायचं, त्यालाच इथे कमी करायचं. पहिल्या खेपेला हे मनाला पटवून घ्यायला मला वेळ लागला.

आता मुद्द्यावर. मी आधी 7 एमएम रेमिंग्टन मॅग्नम या जास्त ताकदीच्या काडतुसाची रायफल घेणार होतो. नर ताहर शंभर किलोच्या पुढे जातो, थंडीत मानेवर जाड आयाळ, अंतरं लांब. मोठं काडतूस हवंच, असं डोक्यात बसलेलं. एका मित्राने त्याची मॅग्नम वापरायला दिली. दोन शनिवार रेंजवर गेलो. दुसऱ्या शनिवारी त्याने मला न सांगता मॅगझीनमध्ये एक डमी (दारू नसलेलं) काडतूस घातलं. मी नेम धरला, चाप ओढला, आवाज झालाच नाही, आणि नळीचं तोंड मात्र चार बोटं खाली गेलं. धक्का बसायच्या आधीच माझा खांदा घाबरून पुढे येत होता. त्या क्षणी माझा निर्णय झाला.

घेतली ती 7 एमएम-08. हे काडतूस 1980 चं, .308 या सर्रास मिळणाऱ्या काडतुसाचंच पितळी नळकांडं, तोंडाशी आवळून 7 एमएमची गोळी बसवलेलं. 140 ग्रेनची (सुमारे 9 ग्रॅम) गोळी माझ्या 20 इंची नळीतून सेकंदाला 825 मीटरच्या आसपास निघते. मॅग्नमचा वेग याहून बराच जास्त, पण धक्काही तेवढाच. 200 मीटरला नेम बसवला की 300 ला गोळी साधारण वीतभर खाली येते, 400 ला दीड हात. मी स्वतःला 350 ची मर्यादा घातली आहे. तेवढ्या अंतरात या काडतुसाने मला एकदाही कमी पडल्याची जाणीव करून दिली नाही. .270 विंचेस्टर हे काडतूसही तितकंच चांगलं, 1925 पासून लोक वापरतायत. मला छोटी नळी आणि पुढे सप्रेसर (आवाज कमी करणारं नळकांडं) हवा होता, म्हणून इकडे वळलो. इथे सप्रेसरला वेगळा परवाना लागत नाही.

कंपनी कुठली, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. बोल्ट अॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा), स्टेनलेस नळी, सिंथेटिक दस्ता, नुसत्या रायफलचं वजन 2.9 किलो. दुर्बीण, सप्रेसर, पट्टा, तीन काडतुसं धरून 3.9. नदीपात्रातून चार तास चालून, मग मातागौरीच्या काट्यांतून (नाव देवीचं वाटतं, पण झुडूप अंग फाडतं) हजार मीटर चढल्यावर हा एक किलोचा फरक पोटऱ्यांना कळतो. चढून गेल्यावर धाप लागलेली असते, छाती वरखाली होत असते, आणि दुर्बिणीतलं फुलीचं टोक जनावराच्या खांद्यावरून पोटावर, पोटावरून दगडावर फिरत असतं. इथेच हलकी रायफल दगा देते: ती हातात स्थिर राहत नाही. उपाय एकच, बॅग पुढे टाकायची, तिच्यावर रायफल टेकवायची, मागे दस्त्याखाली मुठीत मोजा दाबून धरायचा आणि श्वास खाली बसेपर्यंत थांबायचं. बसला नाही तर गोळी सोडायची नाही. दोनदा तसाच परत आलोय.

डोंगरातली खरी अडचण मला वर्षभरात कळली, ती म्हणजे ‘मारलेलं जनावर पडेल कुठे?’ ताहर कड्यावर उभा असतो. फुप्फुसात गोळी लागलेला नर वीस-तीस पावलं चालतो आणि तेवढ्यात कडा संपतो. खाली दोनशे मीटर आदळल्यावर मांस, कातडं, शिंगं काहीच धड उरत नाही, आणि आपल्याला तिथवर उतरता येईलच असं नाही. म्हणून तो सपाटीवर येईपर्यंत वाट बघायची, आणि खांद्याच्या हाडावर जरा वर मारून जागेवर बसवायचा. त्यासाठी लागतो तो नेम, आणि तो ज्या रायफलची भीती वाटत नाही तिच्यावरच बसतो.

माझी मोठी चूकही सांगतो. ऑगस्टमध्ये गॉडली खोऱ्याच्या वर एका नरावर नेम धरला. रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) 340 मीटर दाखवलं, उतार 35 अंशांच्या आसपास, तो माझ्या बराच खाली. मी 340 चाच हिशोब धरला. गोळी पाठीवरून गेली; आयाळीचे केस उडालेले दुर्बिणीत दिसले आणि तो कपारीआड गेला. तासभर शोधलं, रक्ताचा थेंब नव्हता. उतारावर गुरुत्वाकर्षण आडव्या अंतरावरच काम करतं, म्हणजे खरा हिशोब 278 मीटरचा होता. जनावर जखमी झालं नाही हे नशीब. आता कोन धरून अंतर देणारा रेंजफाइंडर वापरतो आणि दस्त्यावर तक्ता चिकटवलाय.

तक्रारी आहेतच. दस्त्याचा पुढचा भाग दाबल्यावर वाकतो, पट्टा ओढून नेम धरला तर गोळी सरकते. खांद्याशी लागणारं रबर पातळ आहे. मी जाड बसवून घेतलं. दुर्बीण दगडावर आपटली तेव्हा 100 मीटरला नेम उजवीकडे चार इंच गेला होता, घरी येऊन कागदावर मारलं तेव्हा कळलं. तेव्हापासून प्रत्येक फेरीआधी दोन गोळ्या निशाणावर. जूनच्या थंडीत (इथे तेव्हा हिवाळा असतो) बोल्टमधलं तेल घट्ट होऊन काडतुसावर ठोका मारणारी फायरिंग पिन संथ झाली, काडतूस पेटलंच नाही. आता बोल्ट कोरडा पुसून नेतो. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची टेप लावतो म्हणजे बर्फ आत जात नाही. संध्याकाळी सप्रेसर काढून ठेवतो, नाहीतर आत साचलेल्या ओलाव्याने आटे गंजतात.

चालताना चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) रिकामं. काडतूस नळीत चढतं ते गोळी सोडायच्या वेळीच, आणि समोर काय आहे याची शंभर टक्के खात्री पटल्यावरच. शिवाय प्रत्येक रायफलची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये करावी लागते. 2023 पासून ते सुरू झालं.

काडतुसांची अडचण म्हणाल तर .308 सारखी दहा प्रकारची पाकिटं दुकानात मिळत नाहीत. मला जमलेली 140 ग्रेनची एकच जात आहे, ती दिसली की पाच पाकिटं एकदम उचलतो, कारण एका लॉटची काडतुसं एकसारखी जातात.

गेल्या महिन्यातला नर 290 मीटरवर जागेवर बसला. मागच्या तंगड्या, पुट्ठा, पाठीचे पट्टे आणि कातडं मिळून 31 किलो पाठीवर आलं, रायफल वर पट्ट्याने बांधली आणि सात तासांत गाडीपाशी आलो. मांसाला बोकडासारखाच वास, जरा उग्र. आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं तसं सुकं खोबरं भाजून वाटण केलं आणि तीन तास मंद आचेवर ठेवलं. पुढच्या आठवड्यात नवं रबर लावलेल्या दस्त्यासह पुन्हा कागदावर बसणार आहे, 250 आणि 300 ला.