कांगारू केअरचा पट्टा, एल साईज: बापाच्या छातीवर वापरून बघितलेला

कांगारू केअर म्हणजे लवकर जन्मलेलं किंवा कमी वजनाचं बाळ आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीला अंगाला अंग लावून ठेवायचं, आणि हा पट्टा त्याला तिथं धरून ठेवतो. माझी मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात झाली. वजन १,४८० ग्रॅम. बायकोचं बीपी एकदम वाढलं म्हणून घाईनं सिझर करावं लागलं आणि पुढं आठवडाभर ती आयसीयूमध्ये होती. पोरगी खाली काचेच्या पेटीत, आई वर तिसऱ्या मजल्यावर आणि मी दोन्हीच्या मधे जिन्यात. पोरीच्या पायातल्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढं बायकोचं नाव. माझं नाव फक्त बिलाच्या कागदावर.

चौथ्या दिवशी सिस्टर दारात आल्या. "बाळाचे बाबा कोण? आंघोळ करून या, नखं कापा, अत्तर-पावडर काही नको. पुढून उघडणारा शर्ट घाला. आणि तोंडात काय असेल ते टाकून या." तोंडात मावा होता. तो त्या दिवशी टाकला तो टाकलाच.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आहे, सतरा वर्षं झाली. त्यामुळं कापडाबद्दल जे सांगतोय ते नीट तपासून सांगतोय. पहिला पट्टा मी घाईत मोबाईलवरून मागवला होता. फोटोखाली 'शुद्ध सुती' असं लिहिलेलं. हातात आल्यावर कडेचा दोरा उपसून काडी लावली. सुताचा दोरा कागदासारखा जळतो, राख बोटात चुरते. हा आक्रसला आणि टोकाला काळी कडक गोळी झाली. पॉलिस्टर. दीड किलोसुद्धा न भरलेल्या पोरीच्या अंगाला ते लावायचं? विकणाऱ्याला कळवलं तर 'वापरलेला माल परत घेत नाही' एवढंच उत्तर आलं. दोन शब्द माणसासारखे बोलला असता तरी चाललं असतं.

दुसरा हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलमध्ये मिळाला, ६५० रुपयांना. होजिअरीचं कापड, लेबलवर ९५ टक्के कॉटन, ५ टक्के स्पॅन्डेक्स. याचाही दोरा जाळला, राख झाली. आडवं ताणलं की चांगलं ताणतं, सोडलं की जागेवर येतं. आठ-दहा धुण्यांनंतरही सैल पडलं नाही. शिलाई आतून सपाट आहे, पोरीच्या अंगावर वळ उठला नाही. कापडाला माझे पैकीच्या पैकी मार्क.

पहिल्या दिवशी सिस्टरांनी कसं बांधलं ते सांगतो, कारण पाकिटातला कागद इंग्रजीत आहे. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. आपली छाती उघडी. बाळ छातीच्या मधोमध उभं ठेवायचं, हातपाय बेडकासारखे दोन्हीकडं दुमडलेले. मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. पट्ट्याची वरची कड कानाच्या खाली. नाकातली दुधाची नळी तशीच राहिली, तिनं काही अडलं नाही.

वजन कळतच नव्हतं. आमच्याकडचा सुताचा भरलेला कोन तिच्याहून जड असतो. तिचा श्वास माझ्या गळ्याखाली एका जागी लागत होता, नखाएवढ्या जागेवर. लागायचा, जायचा, लागायचा. आणि मधेच लागायचा थांबला. मशीन वाजलं. सिस्टरांनी येऊन तिच्या पाठीवरून बोट फिरवलं, "घे श्वास बाळा, बाबांजवळ आहेस." परत लागला. लवकर जन्मलेली बाळं श्वास घ्यायला विसरतात, असं त्यांनी सांगितलं, आणि बोट कसं फिरवायचं ते माझा हात धरून शिकवलं. माग चालू असताना आवाजात जरा फरक पडला की माझी मान आपोआप तिकडं वळते. तशी माझी सगळी नजर, सगळं चित्त त्या नखाएवढ्या जागेवर जाऊन बसलं. पुढच्या दिवसांत दोनदा मशीन वाजायच्या आधी मला कळलं.

डॉक्टरांनी सांगितलं की ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी सुरू केली. तिथं पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर लवकरात लवकर असं ठेवावं, दिवसाचे ८ ते २४ तास. आता सांगा, पोटाला टाके पडलेल्या बाईनं हे एकटीनं कसं काढायचं? आणि पाकिटावर बघावं तर चारही फोटो बायकांचे. वर ठळक अक्षरात 'मदर'. बाप यात बदली कामगार नाही. त्याची छातीही तेवढीच गरम असते.

माझ्या आईला फोनवर फोटो दाखवला तर म्हणाली, "अरं, बाप्याच्या छातीला कधी पोर बांधत्यात व्हय?" मी म्हटलं, झोपलीय बघ. दुसऱ्या दिवशी तिनं घरून टोपी पाठवली, जुन्या मऊ धोतराची, दुहेरी शिवलेली.

तक्रारी दोन. वेल्क्रो उघडताना एवढा कर्र आवाज करतो की पोरगी दचकते. मी शेवटी अर्धा काढून टाकला आणि तिथं नाड्या शिवून घेतल्या. दुसरं, एप्रिलच्या उकाड्यात घाम येतो, पट्टा रोज धुवावा लागतो, म्हणून एकावर भागत नाही. दोन घ्या.

बायको खाली आल्यावर दिवसा ती आणि शिफ्ट सुटल्यावर आठ ते अकरा मी, असं चाललं. सव्विसाव्या दिवशी सुट्टी मिळाली तेव्हा पोरगी १,७८० ग्रॅम होती. घरीही पट्टा चालूच ठेवला. अडीच किलोच्या जवळ आल्यावर तीच पाय मारून वर सरकायला लागली, मग थांबवलं.

दुकानात मागताना 'वडिलांसाठी पाहिजे, छाती बेचाळीस' असं स्पष्ट सांगा. बाहेर मांडलेले सगळे मीडियम असतात. एल साईज आतल्या कपाटात आहे, मागितल्याशिवाय काढत नाहीत.