अस्तर 41 टक्के

गेल्या माघात देवगडला आमच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात हृदयतपासणीचे शिबिर भरले होते. कोल्हापूरला माझी अँजिओप्लास्टी होऊन तेव्हा सात महिने झाले होते, म्हणून शेजाऱ्यांनी आग्रहाने नेले. पांढऱ्या कोटातल्या गृहस्थाने हातात एक पितळी दांडी धरायला दिली आणि मिनिटभरात छापील कागद हाती आला: रक्तवाहिन्यांचे अस्तर 41 टक्के.

त्याने सांगितलेले शास्त्र निम्मे खरे होते आणि मी फसलो तो त्या खऱ्या निम्म्यामुळेच. रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचे अस्तर असते, ते नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनी सैल ठेवते, या वायूवरच्या संशोधनाला 1998 चे नोबेल मिळाले. वाहिनीत साठलेल्या चरबीवरची साय पातळ असली तर ती फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि अडथळा निम्म्याहून कमी असला तरी झटका येऊ शकतो, हे सारे माझ्या डॉक्टरांनीही सांगितलेच होते. या गृहस्थाने वगळले ते एवढेच, की ती साय घट्ट करण्याचे काम कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी करते आणि स्टेंटमध्ये, म्हणजे वाहिनीत बसवलेल्या जाळीत, गुठळी होऊ न देण्याचे काम रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या करतात. ‘‘काका, त्या गोळ्याच अस्तर खातात,’’ असे म्हणून त्याने, शरीर ज्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते त्या आर्जिनिनच्या भुकटीचे तीन डबे माझ्या पिशवीत घातले. रुपये 14,500, बिल नाही, ‘सहयोग निधी’ची पावती.

दोन महिने मी गोळ्या बंद ठेवल्या. जेटीवरून घाटी चढताना छाती आवळू लागली, तेव्हा मुलाने थेट गाडीत घातले. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 68 वरून 131 वर गेले होते. डॉक्टरांनी डबा पाहिला आणि सांगितले की, नुकताच झटका येऊन गेलेल्या रुग्णांना आर्जिनिन देऊन पाहणारी, 2006 साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली चाचणी मध्येच थांबवावी लागली होती, कारण आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही नाही. डब्याच्या तळाशी, भिंगाखाली धरल्यावरच दिसेल अशा इंग्रजी अक्षरांत छापलेले होते: औषधी वापरासाठी नाही.

पुढच्या शिबिराला मी मुद्दाम गेलो आणि अर्जावर वय 62 ऐवजी 26 लिहिले. दांडी तीच, हात तोच. अस्तर 93 टक्के. (माझे पांढरे केस पाहूनही कोणाला शंका येऊ नये, याचे मला अजून नवल वाटते.)

दोन्ही अहवाल, पावती आणि उरलेला डबा जोडून मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे. हृदयविकार बरा करून देण्याच्या औषधी जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. विजयदुर्गच्या रस्त्यावर काल दिसलेल्या शिबिरवाल्यांच्या नव्या फलकावर मात्र येत्या रविवारची तारीख आहे.