विद्यार्थ्याची दोन खाती: वर्षभर वापरल्यानंतर

बी. फार्मला आहे, गाव मोहोळ तालुक्यात, सोलापुरात खोली करून राहते. घरून येणारे पैसे आणि शिष्यवृत्ती एकाच खात्यात असली की वीस तारखेनंतर ओढाताण ठरलेली. म्हणून गेल्या वर्षी दुसऱ्या बँकेत झिरो बॅलन्सचं खातं काढलं. (हे बेसिक बचत खातं. एकाच बँकेत ते आणि साधं बचत खातं, दोन्ही ठेवता येत नाहीत.) यूपीआय फक्त या नव्या खात्याला. जुन्यातून दर सोमवारी ठरलेली रक्कम आपोआप इकडे येते. संपली की पुढच्या सोमवारपर्यंत हात आखडता.

खातं काढताना फॉर्मवरची एक चौकट नीट बघा: सरकारी अनुदान याच खात्यात हवं का? तिथं खूण झाली की डीबीटी, म्हणजे थेट खात्यात येणारं सरकारी अनुदान, नव्या बँकेकडे वळतं, कारण आधारला त्यासाठी एका वेळी एकच बँक जोडता येते. माझ्या रूममेटच्या फॉर्मवर काउंटरवाल्याने न विचारता खूण केली. महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) पैसे जमा दिसत होते आणि ही जुनं पासबुक भरून घेत बसली होती! मायआधारच्या साइटवर कुठली बँक जोडलेली आहे ते लगेच कळतं.

फीचं म्हणाल तर जुलै 2024 च्या शासन निर्णयाने मोठा भार उतरला. व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पण मेस, खोलीभाडं, अॅप्रन, जर्नल हे त्यात नाही, आणि खरी गळती तिथंच. गावी जायला एसटीचं अर्धं तिकीट आहे. येताना कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणली की संध्याकाळचं बाहेरचं खाणं बऱ्यापैकी वाचतं.

यूपीआय लाइट, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचं अॅपमधलं छोटं पाकीट, मात्र बंद केलं. पिन लागत नाही, सोयीचं आहे, पण पासबुकात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद येते. चहा, झेरॉक्स, शेअर रिक्षा यातलं काहीच दिसत नाही. आता रविवारी स्टेटमेंट उघडलं की दहा-दहा, वीस-वीसच्या नोंदींची रांग दिसते आणि कुठं कापायचं ते कळतं. माझ्या बाबतीत झेरॉक्स निघाली, चहा नाही.

पाचपैकी चार. एक कापला, कारण मेसवाल्या काकूंना महिन्याचे पैसे एक तारखेला एकरकमी लागतात आणि सोमवारच्या रकमेत ते बसत नाहीत. तेवढे अजून जुन्या खात्यातूनच देते.