खाणीच्या गाळासाठी हँडहेल्ड एक्सआरएफ: कामाचा, पण अर्धाच

एक्सआरएफ म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण टाकून, परत येणाऱ्या किरणांवरून त्यातले धातू मोजणारं यंत्र; हे हातात धरायचं. शिसं, जस्त, तांबं शोधायला उत्तम. मिनिट-दोन मिनिटांत आकडा हातात. ओल्या गाळावर मात्र रोखू नका, पाण्यामुळे आकडे कमी येतात. नमुना ४० अंशांखाली वाळवा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, मगच नमुन्याच्या कपामध्ये दाबून भरा. शिसं भरपूर असेल तर आर्सेनिकच्या आकड्यावर भिस्त नको: दोघांची ओळख पटवणाऱ्या क्ष-किरणांच्या मुख्य रेषा १०.५ केईव्ही या ऊर्जेजवळ एकमेकींवर बसतात.

खरी उणीव वेगळीच. यंत्र एकूण धातू सांगतं, त्यातला गाळातून सुटून पाण्यात जाऊ शकणारा किती ते नाही. काळ्या, सल्फाइडयुक्त गाळातलं जस्त हवा लागली की विरघळू लागतं; यंत्रावरचा आकडा तोच राहतो. त्यासाठी ताज्या, हवाबंद ठेवलेल्या नमुन्याचं टप्प्याटप्प्याने निष्कर्षण, म्हणजे वेगवेगळ्या द्रावणांनी धातू सोडवून काढणं, हवंच. पहिला टप्पा: ०.११ मोलर अ‍ॅसेटिक आम्ल, १६ तास हलवत.