क्रूगर की खलाखादी? स्वतः गाडी चालवत सिंह-बिबटे पाहायचे असतील तर

आम्ही नागपूरचे. ताडोबा-पेंच म्हणजे आमच्यासाठी शनिवार-रविवारचं प्रकरण. जिप्सी, गाइड, गेटची वेळ आणि नेमका वाघ उठून बसला की 'चला सर, टाइम झाला', हे सगळं अंगवळणी पडलेलं. दक्षिण आफ्रिकेत भाड्याची गाडी घेऊन स्वतःच जंगलात शिरता येतं आणि हवं तिथे तासभर थांबता येतं, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा शाळा बुडवून आल्यासारखं वाटलं होतं. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे ती भीती नको.

हल्ली मित्रमंडळींत एकच प्रश्न विचारला जातो: सुट्टी आठ-दहा दिवसांची, पाहायचे आहेत मुख्यतः सिंह, बिबटे आणि चित्ते, तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी क्रूगर की खलाखादी? (नकाशावर 'कगलागडी' दिसेल, पण तिथल्या तोंडी त्यातले 'ग' घशातल्या 'ख'कडे झुकतात.) मी २०१८च्या सप्टेंबरात क्रूगर केलं आणि २०२३च्या मे महिन्यात खलाखादी.

आधी क्रूगरबद्दल चांगलं बोलतो, कारण बोलण्यासारखं भरपूर आहे. जोहान्सबर्गहून पाच तासांत गेटवर. डांबरी रस्ते, कॅम्पात दुकान, पेट्रोल, उपाहारगृह. हत्ती, गेंडे, रानम्हशी, पाणघोडे असे दिसत राहतात, की मांजरं, म्हणजे सिंह-बिबटे-चित्ते, नाही दिसली तरी दिवस फुकट जात नाही. आमच्या सहा दिवसांत सिंह सात वेळा, बिबट्या तीनदा, चित्ता एकदा. खलाखादीच्या सात दिवसांत सिंह पाच वेळा, बिबट्या दोनदा, चित्ते चारदा. एका कुटुंबाच्या नशिबावरून कोणी निष्कर्ष काढू नये, हे मलाही कळतं. आकडे पाहिले तर चित्ता सोडून क्रूगर कुठेही मागे नाही.

मग बिनसलं कुठे?

क्रूगरमधल्या स्कुकुझा कॅम्पापासून लोअर साबी कॅम्पापर्यंत साबी नदीच्या काठाने जाणारा रस्ता, नकाशावर एच४-१. बिबट्यांसाठी नावाजलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वळणावर समोर गाड्यांची भिंत. शेजारच्याने काच खाली करून 'लेपर्ड' म्हटलं आणि वर बोट दाखवलं. मी गाड्या मोजल्या: चौतीस. त्यात बाहेरून पर्यटक घेऊन येणाऱ्या उघड्या, उंच सफारी गाड्या. आमच्या छोट्या हॅचबॅकसमोर त्यातली एक येऊन थांबली की बिबट्याच्या जागी दहा जणांच्या पाठी आणि टोप्या. वीस मिनिटांत आम्हाला फांदीवरून लोंबणारी शेपूट दिसली, ती चांगली दिसली. मागे जायला जागा नाही, पुढे जायला नाही, इंजिनं चालू, कोणीतरी हॉर्नही वाजवला. बिबट्या उतरून झुडपात गेला आणि पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

गर्दीचं एवढं काही नाही, ताडोबातही वाघाभोवती जिप्स्यांचा घोळका होतोच. खरा त्रास नंतर सुरू झाला. तिसऱ्या दिवसापासून माझी नजर झाडांवरून, गवतावरून उडाली आणि पुढच्या गाड्यांच्या ब्रेक लाइटवर गेली. दूर कोणी थांबलं की आम्ही तिकडे. दोन गाड्या दिसल्या की 'काहीतरी आहे'. पाच दिसल्या की 'सिंहच'. साटाराजवळच्या एस१०० या कच्च्या रस्त्यावर, जो सिंहांसाठी प्रसिद्ध आहे, बायको वैतागून म्हणाली, "अहो, आपण सिंह शोधतोय की ट्रॅफिक जॅम?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या सहा दिवसांत आम्ही स्वतः शोधलेलं मांजर म्हणजे एकुलता एक चित्ता. बाकी सगळी दुसऱ्यांनी शोधलेली.

लोक सांगतात, उत्तरेला शिंगवेड्झीकडे जा, तिथे शांतता आहे. आहे खरी. पण तिकडे मोपानीची झुडपं दाट आणि सिंहही विरळ.

खलाखादी हे मुळात वाळवंट. दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानाची दोन उद्यानं जोडून २००० साली ते एकत्र झालं. क्षेत्र ३८,००० चौरस किलोमीटरच्या वर, त्यातला मोठा भाग बोट्स्वानात. तुम्ही-आम्ही फिरतो ते मुख्यतः दोन कोरड्या नद्यांच्या पात्रांतून, औब आणि नोसोब. गंमत इथेच आहे. पाणवठे पात्रात, म्हणून हरणं पात्रात, म्हणून मांजरं पात्रात, आणि रस्ताही तिथूनच. औबमधल्या काही बोअरवेल पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या, शेजारच्या जर्मन वसाहतीवर चढाई करायची म्हणून पाडलेल्या. 'तेरावी बोअर', 'चौदावी बोअर' अशी नावं अजून आहेत. सैनिकांसाठी काढलेलं पाणी आता काळ्या आयाळीचे सिंह पितात.

सगळ्यात जवळचं मोठं गाव उपिंग्टन, गेटपासून सुमारे २५० किलोमीटर. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारे जवळपास नसतातच. कॅम्प मोजके, खाटा मोजक्या, म्हणून गाड्याही मोजक्या. एका सकाळी नोसोब कॅम्पातून आमची गाडी पहिली निघाली. रात्री सिंहांना वाळूच्या ढिगाऱ्यांपेक्षा रस्त्यावरून चालणं सोयीचं वाटत असावं, कारण रस्त्यावर पावलांचे ठसे, ताजे, वर एकाही टायरची खूण नाही. अकरा किलोमीटर ते ठसे धरून गेलो. मध्ये एकदा हरवले, पुन्हा सापडले, मग डावीकडे उतरले. तिथे कॅमलथॉर्नखाली (आपल्या बाभळीच्याच कुळातलं झाड) दोन नर सिंह. चाळीस मिनिटं आम्ही दोघं आणि ते दोघं. त्यानंतर दुसरी गाडी आली तेव्हा त्यातल्या म्हातारबांनी इंजिन लांबच बंद केलं.

आता खलाखादीचा त्रास. रस्ते. गाड्यांच्या जाण्यायेण्याने वाळूवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात आणि त्यावरून ट्वी रिव्हिएरेन (गेटजवळचा कॅम्प) ते नोसोब हे १६० किलोमीटर जाताना दाढा हलतात. टायरची हवा कमी करायची, हा तिथला पहिला धडा. आम्ही निम्म्या वाटेवर शिकलो. चौथ्या दिवशी कळलं की मागची नंबरप्लेट कुठेतरी गळून पडली आहे. भाड्याने गाडी देणाऱ्याने तिचे पैसे तर घेतलेच, वर कच्च्या रस्त्यावर टायर आणि काचेला विमा लागू नाही हेही परतल्यावर सांगितलं. ते आधी विचारून घ्या. साधी गाडी मुख्य रस्त्यांवर चालते, पण जमिनीपासून उंच असलेली घ्या.

हत्ती, गेंडा, रानम्हैस विसरा. मे ते ऑगस्ट रात्री पाणी गोठतं, उन्हाळ्यात दुपारी चाळिशी ओलांडते. मोबाइलला रेंज मोजक्या कॅम्पांतच, वाटेत नाही. मलेरिया नाही, ही मोठी सोय. क्रूगरला गोळ्या घ्याव्या लागतात.

त्यामुळे बरोबर लहान मुलं असतील, आईवडील असतील, किंवा आफ्रिकेची पहिलीच खेप असेल, तर क्रूगरच करा, मी अडवणार नाही. खलाखादीतल्या बहुतेक बिनकुंपणाच्या कॅम्पांत बारा वर्षांखालच्या मुलांना घेतही नाहीत. पण फक्त मांजरंच पाहायची असतील, आणि ती आपण शोधली असं घरी येऊन सांगायचं असेल, तर एकदा दात घट्ट आवळून खलाखादीला जाऊन बघा, एवढंच सुचवेन.

बुकिंग जवळपास वर्षभर आधी उघडतं आणि उरिकारूस सगळ्यात आधी संपतं: औबच्या काठावर खांबांवर उभ्या चार खोल्या, समोर पाणवठा, कुंपण नाही. या वेळी आम्हाला तिथे दोन रात्री मिळाल्या आहेत. नंबरप्लेट बांधायला तार नागपूरहूनच नेतो आहे.