निवड झाल्यानंतरची वर्षे : साताऱ्यातील एका हॉकी प्रशिक्षण केंद्राविषयी

माझा पुतण्या गेल्या वर्षी राज्याच्या कुमार संघात निवडला गेला. घरोघरी पेढे वाटून झाल्यावर प्रश्न उभा राहिला, की आता याला पुढचे शिकवायचे कोणी? निवड होईपर्यंत वाट दाखवणारे पुष्कळ असतात; निवड झाली की पोरगा मार्गी लागला असे समजून सगळे निर्धास्त होतात आणि बहुतेक मुलांची घसरण तिथूनच सुरू होते. गोडोलीच्या बाजूला चालणाऱ्या या केंद्रातला ‘निवड झालेल्या खेळाडूंचा गट’ नेमका याच टप्प्यासाठी आहे. चौदा महिन्यांच्या अनुभवावरून हा अभिप्राय लिहीत आहे.

गटात सोळा ते वीस वर्षांची अकरा मुले-मुली आहेत. रोज सकाळी सहा ते आठ आणि आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी सराव असतो. शुल्क महिना अडीच हजार रुपये आहे. साताऱ्यात असा गट असणे ही चैन नव्हे. फलटण तालुक्यातल्या आसूची वैष्णवी फाळके आणि वाखरीची अक्षता ढेकळे या दोघीही २०२२ च्या कुमारी विश्वचषकात चौथ्या आलेल्या भारतीय संघात होत्या. एका तालुक्यातून दोघी त्या पातळीवर जातात, त्या जिल्ह्यात गुणी मुलांचा तुटवडा नाही.

शिवाय आता व्यावसायिक खेळाचे दार लवकर उघडते. २०१७ नंतर थांबलेली हॉकी इंडिया लीग २०२४-२५ च्या हंगामात पुन्हा सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात सूरमा हॉकी क्लबने भारताचा तेव्हाचा कर्णधार हरमनप्रीत सिंग याला ७८ लाखांना घेतले, हा आकडा मैदानावरच्या प्रत्येक पालकाच्या तोंडी आहे. मला मात्र दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो. चोवीस जणांच्या संघात चार कुमार खेळाडू घेणे बंधनकारक होते. पण त्याच चोविसांत आठ परदेशी खेळाडूही होते आणि मैदानावर एका वेळी असतात अकराच. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलाला बोली लागली तरी सामने मिळतीलच असे नाही, आणि ज्या वयात सर्वांत जास्त खेळायला हवे, त्याच वयात तो बाकावर बसून राहण्याची भीती असते.

पालकांच्या पहिल्याच बैठकीत मुख्य प्रशिक्षकांनी हाच मुद्दा बर्फावरच्या हॉकीची उदाहरणे देऊन समजावला. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये दरवर्षी तरुण खेळाडूंची क्रमवार निवड होते, तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. १९९३ मध्ये ऑटावाच्या संघाने पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या अलेक्झांडर डेगला मोठा करार मिळाला, पण त्याच्याकडून बांधलेल्या अपेक्षा कधीच पूर्ण झाल्या नाहीत. १९९७ मध्ये बॉस्टनने पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या जो थॉर्नटनने पहिल्या हंगामात ५५ सामन्यांत अवघे ३ गोल केले, आणि २००६ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२१ चा पहिला खेळाडू ओवेन पॉवर निवडीनंतर वर्षभर आपल्या विद्यापीठाच्या संघात परत गेला आणि मगच बफेलोकडून उतरला. तिथे नियमातही सोय आहे : अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूला नऊपर्यंत सामने खेळवून कुमार लीगमध्ये परत पाठवले, तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचे वर्ष खर्ची पडत नाही. आपल्याकडे अशी पायरी नाही, म्हणून ती प्रशिक्षकाने आणि पालकांनी मिळून बांधायची, असे सरांचे म्हणणे होते. ते मला तेव्हा पटले. त्याचा कस मात्र पुढे लागला.

पुतण्या ड्रॅग फ्लिक मारतो, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत आणून गोलाकडे भिरकावतो. पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या संधीवर, गोल करणाऱ्याचे नाव होते, म्हणून त्याला दिवसभर तेच हवे असे. सरांनी एका सत्रात तीसच फ्लिक ठरवून दिले, कारण त्या फटक्यात कंबर एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते, आणि वाढत्या वयात पाठीचे दुखणे तिथूनच लागते. उरलेल्या वेळात सहा आठवडे फक्त चेंडू घेण्याचा सराव झाला. आमच्या मुरुमाच्या मैदानावर चेंडू टप्पे खात येतो, त्यामुळे मुले मनगट ताठ ठेवून त्याला अडवायला शिकतात. ओल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, चेंडू सरपटत आणि वेगाने येतो, तेव्हा तेच ताठ मनगट त्याला हातभर पुढे उडवते आणि समोरचा बचावपटू तो उचलून नेतो. त्यासाठी केंद्राने जुन्या कृत्रिम गवताचा वीसेक फुटांचा तुकडा अंथरला आहे. मुले त्यावर बादलीने पाणी मारतात, आणि सर चेंडू सोडताना एकच शब्द उच्चारतात, “सैल.” तिसऱ्या आठवड्यात चेंडू स्टिकला लागल्याचा आवाज बदलला. आधी ‘टक्’ असा कोरडा आवाज यायचा, नंतर तो जवळजवळ येईनासा झाला. हे मी कुंपणापाशी उभे राहून स्वतः ऐकले आहे.

प्रत्येकाची एक वही असते. तीत सामन्यातील मिनिटे, मारलेले फ्लिक, झोपेचे तास आणि दुखणारा स्नायू अशा नोंदी रोज होतात. फेब्रुवारीत पुतण्याच्या मांडीमागचा स्नायू ताणला होता आणि त्याच आठवड्यात बक्षिसाची एक स्पर्धा होती. आयोजकांचे फोन येत होते, घरातूनही आग्रह होता, आणि तो करणाऱ्यांत मीही होतो. सरांनी वही पुढे ठेवली आणि म्हणाले, “काका, मागच्या अठरा दिवसांत हा सात सामने खेळलाय. आता नेलात तर हंगाम घालवाल.” मी त्या दिवशी रागाने परत आलो. मुलगा तीन आठवड्यांनी धावू लागला, तेव्हा त्याच्या चालीत लंगडेपणाचा मागमूस नव्हता.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. केंद्राकडे टर्फ नाही, म्हणून महिन्यातून दोनदा पहाटे साडेचारला पोवई नाक्यावरून निघून, खंबाटकीचा बोगदा ओलांडून पिंपरीच्या नेहरूनगरातील मैदान गाठावे लागते. त्याचा खर्च शुल्कात धरलेला नाही आणि तो आदल्या आठवड्यात कळवला जातो. शेतकरी कुटुंबातल्या दोन मुलांच्या फेऱ्या त्यामुळे चुकल्या, हे मला फार लागले. गोलरक्षकांसाठी वेगळा प्रशिक्षक नाही, त्यामुळे त्या दोघांचा सराव इतरांचे फटके अडवण्यापुरताच राहतो. मुलींना कपडे बदलायला स्वतंत्र खोली नाही. ही गैरसोय केंद्राने सर्वांत आधी दूर करावी, असे मी लेखी कळवले आहे आणि दिवाळीपर्यंत काम करण्याचे आश्वासन मिळाले आहे.

या गटात येऊ इच्छिणाऱ्यांची पुढील चाचणी जूनच्या पहिल्या आठवड्यात आहे. येताना दातांचे व नडगीचे गार्ड, जुन्या दुखापतींचे कागद आणि मागच्या वर्षभरात खेळलेल्या सामन्यांची यादी न्यावी. सर स्टिक हातात घ्यायला सांगण्याआधी ती यादी वाचतात.